स्वप्नाला बैठकीत जागा
बसवकल्याणच्या अनुभवमंटपाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की पहिल्या पानावर ठराव, वर्गणी किंवा कोनशिला येते. बसवकल्याणच्या अनुभवमंटपाच्या पहिल्या पानावर मात्र एक स्वप्न आहे. हरिहर या कन्नड कवीने १२००च्या सुमारास बाराव्या शतकातल्या शिवभक्त बसवण्णांचे चरित्र रगळे छंदात रचले. त्यात कूडलसंगमला देवाच्या सेवेत रमलेल्या तरुण बसवाच्या स्वप्नात संगमनाथ येतो आणि सांगतो, बिज्जळाच्या मंगळवेढ्याला जा. बसव हरखून जात नाही. आपल्याला इथून का घालवतोस म्हणून तो आधी रडतो आणि मग निघतो. चोखोबा, दामाजी, कान्होपात्रा यांच्यामुळे आपल्याला ठाऊक असलेले मंगळवेढे या कथेत असे त्यांच्याही आधी येते.

पुढची घडामोड राजकारणाची आहे. मंगळवेढ्याचा कलचुरी मांडलिक बिज्जळ याने चालुक्यांची सत्ता बळकावली आणि कल्याणीची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची, गादी घेतली. बसवण्णा त्याचे भांडारी झाले. हे शहर लिहिणाऱ्यांचे होते. वारसाहक्काच्या खटल्यांत आजही जिचे नाव निघते ती विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ इथलीच. सोमेश्वर तिसऱ्याचा ‘मानसोल्लास’ही इथलाच, राजाने काय खावे, काय ल्यावे, कशी करमणूक करावी, सगळे त्यात आहे. कायद्याची नोंद होती, राजाच्या ताटाची होती. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्याच्या किंवा सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या आयदक्की लक्कम्माच्या मनात काय चालते, हे लिहून ठेवायला कोणी बसलेले नव्हते.

ते काम बसवण्णांच्या बैठकीत सुरू झाले. अनुभवमंटप म्हणतात तो हाच. परंपरा सांगते की ७७० शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेचे शिवभक्त, इथे जमत, शून्यपीठावर म्हणजे अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू असत. परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, लाकूडविक्या मोळिगे मारय्या यांची आणि तीसहून अधिक स्त्रियांची वचने, म्हणजे बोली कन्नडातली छोटी मुक्त पदे, आज उपलब्ध आहेत. आत जे घडले ते आपल्या बोलीत, सर्वांसमोर सांगायचे आणि शेवटी आपली नाममुद्रा घालायची, ही इथली रीत. बसवण्णांची मुद्रा कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंची गुहेश्वर, अक्कमहादेवींची चन्नमल्लिकार्जुन. मुद्रा देवाची असली तरी तिच्यावरून बोलणारा माणूस ओळखू येतो.

अक्कमहादेवींच्या एका वचनात चक्क स्वप्न सांगितलेले आहे. एक बाई दुसरीला ‘अगं अक्का, ऐक’ म्हणून सांगावे त्या सुरात. स्वप्नात तांदूळ दिसले, सुपारी दिसली, नारळ दिसला. मग बारीक जटांचा, चमकत्या दातांचा एक जोगी भिक्षेला दारी आला. तो थांबेना, तेव्हा ती मागे धावली आणि तिने त्याचा हात धरला. चन्नमल्लिकार्जुनाला पाहिले आणि डोळे उघडले. एवढेच.

या एवढ्याशा नोंदीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. तांदूळ, सुपारी, नारळ हे लग्नाचे सामान. घर आणि नवरा सोडून निघालेल्या बाईच्या स्वप्नात ते पहिल्यांदा येते, आणि ती ते लपवत नाही. दुसरे म्हणजे ती अर्थ सांगत नाही. स्वप्नात अमुक दिसले तर तमुक फळ, अशी शकुनशास्त्राची कोष्टके आपल्याकडे पंचांगापर्यंत पोचली आहेत. अक्काला फळ नको आहे. पाहिले ते जसेच्या तसे समोर ठेवायचे, इतकाच तिचा आग्रह.

मराठीत हीच वाट पुढे तुकोबांनी आणि बहिणाबाईंनी चालली. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला हे सांगताना तुकोबा वारही सांगतात, तिथीही सांगतात, आणि गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितले, ते द्यायचे विसरून गेलो, हेही गाळत नाहीत. गुरुमंत्राच्या हकिगतीत तुपाचे काय काम? पण माणूस खरे सांगतो आहे, याची साक्ष मला तरी ते तूपच देते. शिऊरच्या बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला, तो १६४७ साली. त्यांनीही तिथीसकट अभंगात लिहून ठेवला. फरक आहे तो सोबतीचा. बहिणाबाईंना घरात मार खावा लागत होता, ऐकणारे कोणी नव्हते. अक्काला कल्याणात भरलेली सभा मिळाली. अर्थात ती सभाही सोपी नव्हती. अल्लमप्रभूंनी तिला दारातच उलटसुलट प्रश्न विचारले, केसांनी अंग का झाकलेस इथपर्यंत, आणि उत्तरे पटल्यावरच आत घेतले. सोलापूरचे सिद्धराम तळी खोदत होते, मंदिरे बांधत होते. त्यांनाही अल्लमप्रभूंनी असेच तासून कल्याणला आणले. पुढे शून्यपीठावर सिद्धराम बसले, अशी परंपरा आहे.

बैठक फार वर्षे टिकली नाही. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचे लग्न शरणांनी मान्य केले, दोन्ही बापांना देहदंड झाला. ११६७-६८च्या सुमारास बिज्जळाची हत्या होऊन कल्याण पेटले. बसवण्णा कूडलसंगमला गेले होते. त्यांचे भाचे चन्नबसवण्णा वचनांच्या पोथ्या घेऊन उळवीच्या जंगलाकडे निघाले, वाटेत लढाया झाल्या. वचनांचे भांडार सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे होते त्या शरणाचे नाव शांतरस. संस्थांच्या वाटचालीत अध्यक्षांची छायाचित्रे असतात, दप्तर सांभाळणाऱ्याची नसतात; इथे निदान नाव तरी उरले.

मंटप होता का, असा प्रश्न इतिहासकार विचारतात, आणि तो रास्त आहे. बसवण्णांचा उल्लेख अर्जुनवाडच्या १२६०च्या शिलालेखात, देवगिरीच्या यादव कन्नराच्या काळात येतो. मंटपातल्या संवादांचे भरलेले चित्र मात्र पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’त मिळते. शिवगणप्रसादी महादेवय्यांनी विखुरलेली वचने प्रश्नोत्तरांत गुंफून ती सभा पुन्हा भरवली. म्हणून खांब किती होते, छत कसले होते, यावर भांडण्यात मला रस नाही. वचने आहेत, आणि ती एकमेकांना उद्देशून बोलतात. ऐकणारे समोर असल्याशिवाय माणूस असे बोलत नाही.

मग कित्येक शतके ताडपत्रे मठांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून राहिली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८०-१९६४) ती गोळा करीत गावोगाव हिंडले. १९२३ साली त्यांचे ‘वचनशास्त्रसार’ निघाले. पुढे छापखाना घातला, ‘शिवानुभव’ नियतकालिक चालवले, त्यापायी राहते घर विकले. १९९३ साली कर्नाटक सरकारने ‘समग्र वचन संपुट’ पंधरा खंडांत काढले. त्याचे प्रधान संपादक एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला राहत्या घरी हत्या झाली. वचनांच्या वाटेवर रक्त सांडण्याची ही पहिली वेळ नव्हती.

गावातली इमारत या सगळ्याच्या फार नंतरची. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला हा भाग १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेला. भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टदेवरु यांनी पुढाकार घेऊन इथे अनुभवमंटप उभा केला. हैदराबाद महामार्गावर उमरगा मागे टाकून राज्याची हद्द ओलांडली की सस्तापूर बंगल्यापाशी फाटा लागतो. गावात बसवण्णांच्या बहीण अक्का नागम्मांची गुहा, अल्लमप्रभूंची गादी, नुलिय चंदय्यांची गुहा दाखवतात. बाजारात कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषा चालतात.

६ जानेवारी २०२१ रोजी नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी झाली. योजना तेव्हा पाचशे कोटींची होती. शरणांच्या संख्येइतके ७७० खांब, तेवढ्याच माणसांचे सभागृह. भव्यतेचे मला वावडे नाही. पण सभागृहात लोक एका दिशेला तोंड करून बसतात आणि व्यासपीठावरचा बोलतो. कल्याणची बैठक तशी नव्हती. तेव्हा एखादी लहान खोलीही ठेवावी. तिथे आठवड्यातून एकदा कोणीही, कन्नडात, मराठीत किंवा उर्दूत, आपण काय पाहिले ते सांगावे, बाकीच्यांनी अल्लमप्रभूंसारखे प्रश्न विचारावेत, आणि एकाने बसून ते नावासकट लिहून घ्यावे. खोलीला शांतरसाचे नाव द्यायला हरकत नसावी.