वैमानिकाची पहिली नोकरी

नाशिककरांना विमानाचा आवाज नवा नाहीं. ओझरच्या कारखान्यानें अनेक दशकें मिग जातीचीं लढाऊ विमानें बांधलीं, आणि गांधीनगरच्या धांवपट्टीवर सैन्याच्या हेलिकॉप्टर चालकांचें शिक्षण चालतें. परंतु हा सारा संसार लष्करी झाला. उतारूंच्या विमानांत चालकाच्या जागीं बसावें अशी हौस धरणाऱ्या नाशिकच्या मुलास गांव सोडून धुळें, बारामती, नाहीं तर थेट गोंदिया गांठावें लागतें. तेथें पैसे मोजून उड्डाणाचे तास जमवावयाचे, परीक्षा द्यावयाच्या आणि परवाना हातीं घ्यावयाचा. घरच्यांना वाटतें, आतां पोर मार्गास लागलें. वास्तविक त्याची खरी परीक्षा तेथून पुढें सुरू होते.

धंद्याच्या परवान्यास आपल्या देशांत २०० तासांचें उड्डाण लागतें. उतारूंच्या मोठ्या विमानाचा मुख्य चालक होण्यास लागणारा परवाना १,५०० तासांवर मिळतो. मधले तेराशें तास आणावयाचे कोठून? कंपनीनें सहचालक म्हणून घेतलें तर ते मिळतील. आणि कंपनी तर ज्याच्या पदरीं तास आहेत त्यासच आधीं बोलावणार. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, अशांतलीच ही गत. ही अडचण आजकालची मात्र नव्हे. हिंदुस्थानांतील विमानवाहतुकीइतकेंच तिचें वय आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन ‘पस मॉथ’ नांवाच्या चिमुकल्या विमानानें कराचीहून निघाले व अहमदाबादेवरून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्यानें तें टपाल बळ्ळारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. टाटांच्या या विमानखात्याचा त्या वेळचा पसारा ऐकला तर आज हंसूं येईल. विमानें दोन, यंत्र दुरुस्त करणारे तिघे, आणि पूर्ण वेळ पगारी वैमानिक एक, होमी भरुचा. उरलेलें उड्डाण स्वतः टाटा व व्हिन्सेंट करीत. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें भरून जाई, तेव्हां सारें बिऱ्हाड उचलून पुण्यास येरवड्याच्या मैदानावर न्यावें लागे. तरीही १९३३ सालीं या मंडळींनीं १,६०,००० मैलांचें उड्डाण केलें. उतारू मात्र सबंध वर्षांत १५५!

या पसाऱ्यांत नवख्या वैमानिकास जागा नव्हती, आणि त्याचें कारण केवळ कंपनीच्या लहानपणांत नाहीं. तें विमानाच्या बांधणींतच होतें. पस मॉथमध्यें पुढें एकटा चालक बसे व मागें दोघे उतारू. शेजारीं बसून हात बसवून घ्यावा अशी दुसरी खुर्चीच नाहीं. सुताराच्या पोरास बापाच्या शेजारीं बसून रंधा धरतां येतो, वैद्याच्या शिष्यास गुरूबरोबर रोग्याच्या घरीं जातां येतें; तशी उमेदवारी आकाशांत अजून जन्मास आली नव्हती. जो आधींच पूर्ण तयार असेल त्यालाच काम, असा तो काळ.

तयार व्हावयाचें तें फ्लाइंग क्लबांत. १९२८ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, कराची येथें सरकारी साहाय्यानें हे क्लब निघाले. मुंबईच्या क्लबांतूनच टाटांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक. क्लबांत तासागणिक शुल्क पडे, म्हणून उड्डाणाची विद्या बहुतांशीं श्रीमंतांच्या अंगणांतच खेळत राहिली. पण नुसते तास जमले म्हणजे नोकरी मिळाली असें समजणें भाबडेपणाचें होईल. लाहोरच्या क्लबांत १९३६ सालीं परवाना मिळविणाऱ्या सरला ठकराल यांची कथा या संदर्भांत सांगण्यासारखी आहे. वय २१, नेसूं साडी, आणि हातीं ‘जिप्सी मॉथ’. त्यांनीं पुढें हजार तास भरले. पती पी. डी. शर्मा टपालाचे वैमानिक होते. १९३९ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या दुःखांतूनही सरलाबाई धंद्याच्या परवान्याच्या शिक्षणासाठीं जोधपुरास गेल्या. इतक्यांत महायुद्ध पेटलें, मुलकी शिक्षण बंद झालें, आणि हजार तासांची ही बाई लाहोरास परतून चित्रकला शिकूं लागली. 

युद्धानें एकीकडे हें दार लावलें, तर दुसरीकडे भिंतच पाडली. वायुदलास माणसें हवीं होतीं, आणि ज्या तासांसाठीं मध्यम स्थितींतल्या तरुणाचा बाप कर्ज काढूं शकला नसता, ते तास सरकार आपल्या खर्चानें देऊं लागलें. त्याची किंमत कित्येकांनीं प्राणानें चुकविली, हेंही विसरतां येत नाहीं. १९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां अमेरिकन सैन्याचीं ‘डकोटा’ विमानें स्वस्तांत विक्रीस निघालीं आणि कंपन्यांचें पेवच फुटलें. एअर इंडिया, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन, भारत, अंबिका, ज्युपिटर, मिस्त्री अशा किती तरी. डकोटांत चालकाची जागा दुहेरी असे. सहचालकाची खुर्ची, म्हणजे उमेदवाराची जागा, आपल्याकडे खऱ्या अर्थानें रुळली ती या विमानाबरोबर. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करूं लागलीं. अशा रात्रपाळीस दोघे चालक हवेतच.

मग नवशिक्यांचे दिवस आले काय? तसें झालें नाहीं. खुर्च्या वाढल्या, तशी युद्धांतून मोकळ्या झालेल्या, शेंकडों तास पदरीं असलेल्या वैमानिकांची रांगही वाढली. क्लबांतून कसाबसा परवाना घेऊन निघालेला मनुष्य त्या रांगेच्या शेवटीं. त्यांतही तो मनुष्य स्त्री असेल तर?

प्रेम माथुर यांनीं अलाहाबादच्या क्लबांत शिक्षण घेऊन १९४७ सालीं धंद्याचा परवाना मिळविला. त्यांनीं एका मागून एक अशा आठ कंपन्यांकडे अर्ज केले. आठही ठिकाणीं नकार मिळाला, आणि तो स्त्री म्हणून. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें त्यांना सहचालक म्हणून घेतलें. निजामाच्या राज्याची रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीची ही कंपनी. सारें शहाणपण मुंबई-कलकत्त्यासच वसतें असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रेमबाईंच्या विमानांतून इंदिरा गांधी, लेडी माउंटबॅटन यांच्यासारख्या व्यक्तींनीं प्रवास केला. १९४९ सालीं राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनीं जिंकली. मुख्य चालक होण्यास लागणारे तासही त्यांनीं पुरे केले.

आणि तरीही कंपनीनें त्यांना मुख्य चालकाची खुर्ची दिली नाहीं. येथें क्षणभर थांबलें पाहिजे. अननुभवी उमेदवारास दारावरून परत लावतांना तासांची अट पुढें केली जाते, व ती बहुतेक वेळां रास्तही असते. वीस माणसांचे प्राण ज्याच्या हातीं द्यावयाचे त्याचा हात बसलेला हवाच. परंतु अट पुरी झाल्यावरही दार उघडत नसेल, तर ती अट कित्येकदां नकाराचा सभ्य पोशाख असते असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रेमबाईंनीं डेक्कन सोडली, दिल्लीस घनश्यामदास बिर्लांचें खासगी विमान कांहीं काळ चालविलें, आणि १९५३ सालीं त्या इंडियन एअरलाइन्समध्यें दाखल झाल्या.

त्या सालापर्यंत कंपन्यांचा बाजार आटोपला होता. अंबिका व ज्युपिटर दोनतीन वर्षांतच बुडाल्या होत्या. न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या चौकशी समितीनें १९५० सालीं स्पष्टच सांगितलें कीं, देशांतील रहदारीस पेलतील त्याहून अधिक कंपन्यांना परवाने दिले गेले. १ ऑगस्ट १९५३ पासून सर्व विमानवाहतूक सरकारी झाली व देशांतर्गत सेवेच्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स बनली. उमेदवाराच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं आठ उंबरठ्यांच्या जागीं एकच उरला. आठ ठिकाणीं नकार मिळूनही नवव्या ठिकाणीं नशीब काढण्याची सोय प्रेमबाईंना होती. पुढच्यांना ती राहिली नाहीं. दूर्बा बॅनर्जी यांस त्या उंबरठ्यावरून आंत येण्यास १९६६ साल उजाडावें लागलें, आणि तत्पूर्वीं हवाई पाहणीच्या विमानांवर त्यांनीं अनुभव जोडला होता.

सौदामिनी देशमुख १९८० सालीं इंडियन एअरलाइन्समध्यें आल्या. १९८५ सालीं कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फोकर विमानाच्या त्या मुख्य चालक होत्या व शेजारीं निवेदिता भसीन सहचालक. दोन्ही खुर्च्यांवर स्त्रिया असण्याची ही देशांतील पहिली वेळ. पुढें १ जानेवारी १९९० रोजीं निवेदिताबाईंनीं वयाच्या २६ व्या वर्षीं मुंबईहून बोइंग विमान मुख्य चालक म्हणून औरंगाबादेस व तेथून उदयपुरास नेलें. औरंगाबाद म्हणजे निजामाच्या जुन्या राज्याचाच मुलूख. तेथल्याच राजधानींतल्या कंपनीनें चाळीस वर्षांपूर्वीं प्रेम माथुर यांस ती जागा नाकारली होती. आज भारतांतील वैमानिकांत स्त्रिया सुमारें पंधरा टक्के आहेत. जगाच्या सरासरीहून हें प्रमाण बरेंच मोठें.

१९५३ चा कायदा १९९४ सालीं रद्द झाला आणि खासगी कंपन्या परत आल्या. त्यांच्याबरोबर जुनें चक्रही आलें. २०१२ सालीं किंगफिशर थांबली, २०१९ च्या एप्रिलांत जेट एअरवेज, २०२३ च्या मे महिन्यांत गो फर्स्ट. प्रत्येक वेळीं अनुभवी वैमानिकांचा लोंढा बाजारांत आला आणि दोनशें तासांचा उमेदवार रांगेच्या टोंकास ढकलला गेला, थेट १९४६ सालाप्रमाणें. फरक एवढाच कीं तेव्हां तास देणारें सरकार होतें. आतां तास, आणि विशिष्ट विमानाचें वेगळें शिक्षणही, उमेदवाराच्या घरानें विकत घ्यावयाचें. कांहीं जण ज्या शाळेंत शिकले तेथेंच शिक्षक होऊन तास वाढवितात. इतरांस वाट पाहावी लागते. पण नुसती वाट पाहूनही भागत नाहीं. वैद्यकीय तपासणी दरवर्षीं करून घ्यावी लागते, उपकरणांवर उडण्याची चांचणी दरवर्षीं द्यावी लागते, आणि त्यासाठीं पुन्हा धुळ्यास किंवा बारामतीस जाऊन, तासाचे पैसे मोजून, विमान चालवावें लागतें.