'द मार्शियन क्रॉनिकल्स' आणि त्याचे वाचक : बदलत्या अभिप्रायांचा इतिहास

प्रास्ताविक

साहित्यकृतीचा इतिहास तिच्या प्रकाशनाबरोबर संपत नाही. वाचकांच्या अभिप्रायांतून तो पुढे घडत राहतो. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी (१९२०-२०१२) यांचा 'द मार्शियन क्रॉनिकल्स' हा कथासंग्रह १९५० साली डबलडे या संस्थेने प्रसिद्ध केला. मंगळावरील मानवी वसाहत, तेथील मूळ रहिवाशांचा नाश आणि पृथ्वीवरील अणुयुद्ध या सूत्रांत त्यातील कथा गुंफलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या संग्रहाविषयीची मते आणि त्याच्या संहितेत पुढे झालेले बदल यांचा विचार केला आहे.

दोन परस्परविरोधी मते

यांतील अनेक कथा प्रथम 'प्लॅनेट स्टोरीज'सारख्या स्वस्त नियतकालिकांत छापून आल्या होत्या. अशा लेखनाकडे साहित्यसमीक्षक सहसा वळत नसत. मात्र ख्रिस्तोफर इशरवुड यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये 'टुमॉरो' मासिकात या संग्रहाचा गौरव केला आणि ब्रॅडबरी यांना नवा वाचकवर्ग लाभला. १९५५ च्या स्पॅनिश अनुवादाला होर्हे लुईस बोर्हेस यांनी प्रस्तावना लिहिली. परग्रहावरील या कथा आपल्या मनात भय आणि एकाकीपणा का जागवतात, हा त्यांचा प्रश्न होता.

विज्ञानकथेच्या निष्ठावंत वाचकांत मात्र एकमत नव्हते. समीक्षक डेमन नाइट यांनी १९५६ च्या 'इन सर्च ऑफ वंडर' या ग्रंथात त्यांच्यातील एका मोठ्या गटाची नाराजी नोंदविली आहे. ब्रॅडबरी विज्ञानाचा आभासही नीट निर्माण करीत नाहीत, उलट विज्ञानावर अविश्वास दाखवितात, असा या गटाचा आक्षेप होता. स्वतः ब्रॅडबरीदेखील या पुस्तकाला विज्ञानकथा न मानता अद्भुतकथा मानीत.

विज्ञानाचा निकाल

जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे पाठविली. कालवे व नगरे यांऐवजी विवरांनी भरलेला उजाड पृष्ठभाग दिसला. तरीही संग्रहाचा वाचक ओसरला नाही. त्याचे कारण संग्रहातच सापडते. एका कथेत मंगळवासी पृथ्वीवरून आलेल्या कांजिण्यांनी मरतात. युरोपीयांनी आणलेल्या रोगांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा झालेला संहार येथे आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणजेच मंगळ हे निमित्त असून विषय अमेरिकेचा इतिहास हाच आहे.

संहितेतील बदल

मूळ संग्रहातील घटनाक्रम जानेवारी १९९९ ते ऑक्टोबर २०२६ असा आहे. १९९७ च्या आवृत्तीत सर्व तारखा ३१ वर्षांनी पुढे नेण्यात आल्या आणि 'वे इन द मिडल ऑफ द एअर' ही कथा वगळण्यात आली. या कथेत दक्षिणेकडील एका गावातील कृष्णवर्णीय नागरिक सामूहिकपणे मंगळाकडे निघतात. थकलेल्या कर्जाचे निमित्त करून एक गोरा दुकानदार त्यांपैकी एकाला अडवू पाहतो; तेव्हा बरोबरचे लोक वर्गणी काढून ते कर्ज फेडतात.

या कथेतील वंशद्वेषी शब्द आजच्या वाचकाला खटकतात, हे मान्य करावे लागते. शिवाय नव्या कालगणनेनुसार ती २०३४ मध्ये घडली असती आणि उघड वंशभेदाचे हे चित्र विसंगत ठरले असते. परंतु ही विसंगती कथेची नसून तारखा बदलण्याच्या निर्णयाची आहे. १९५० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेद कायद्याने मान्य होता. सार्वजनिक जीवनातील भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला. त्यापूर्वी लिहिलेली ही कथा त्या काळाची साक्ष आहे.

समारोप

तारखा पुढे नेणे म्हणजे संग्रहाला भविष्यकथन समजणे होय. १९५० च्या दशकातील आक्षेपकांनीही याच अपेक्षेने तो वाचला होता. १९६५ नंतरच्या वाचकांनी ही अपेक्षा अनावश्यक ठरविली, तरी संपादनात ती पुन्हा डोकावली. म्हणून हा संग्रह अध्यापनासाठी नेमताना आवृत्ती स्पष्टपणे नमूद करणे आणि वगळलेली कथा विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे आवश्यक ठरते. अन्यथा एकाच शीर्षकाखाली दोन पिढ्या दोन भिन्न पुस्तके वाचतील आणि त्यांच्या अभिप्रायांची तुलना निरर्थक ठरेल.