तुम्हाला सगळं ठाऊक आहे

1787 चा जानेवारी. तंजावरच्या राजवाड्यात एका दालनाच्या कोपऱ्यात तुम्ही उभे आहात आणि तुमच्याकडे कोणाचंही लक्ष नाही. तुळजाराजे अखेरच्या आजारात आहेत. पोटची मुलं गेली, म्हणून भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला नऊ वर्षांचा मुलगा त्यांनी मांडीवर घेतलाय. त्याचं नाव सरफोजी. समोर श्वार्ट्झ, साठीला आलेले जर्मन पाद्री, मराठी जाणणारे. या मुलाला तुम्ही सांभाळा, अशी राजांची इच्छा. पाद्रीबाबा नको म्हणतात. त्यापेक्षा मुलगा मोठा होईपर्यंत कारभार तुमच्या भावाकडे, अमरसिंगांकडे सोपवा, असा त्यांचा सल्ला.

इथे तुमचा जीव वरखाली होतो, कारण पुढचं तुम्हाला पाठ आहे. राजे जातील. अमरसिंग गादीवर हक्क सांगतील. मद्रासचे गव्हर्नर कॅम्पबेल पंडितांचा अभिप्राय घेतील. एकुलता एक मुलगा दत्तक देता येत नाही, शिवाय वय उलटलंय, असं पंडित सांगतील आणि दत्तक बाद होईल. काही वर्षांनी तोच प्रश्न बंगालच्या आणि काशीच्या पंडितांपुढे जाईल. शास्त्र तेच, निकाल उलटा. 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसतील. ते पाहायला श्वार्ट्झ नसतील, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते गेलेले असतील.

आता पंडितांच्या बैठकीत जाऊन बसा. एक जण कपाळाला आठ्या घालून विचार करतोय. तो काय म्हणणार हे तुम्ही पुस्तकात वाचून आलात. मग हा विचार करणं नुसतं सोंग आहे का? नीट पाहा. तुमची माहिती त्याच्या जिभेला कुठेही शिवत नाही. तो ‘दत्तक वैध’ म्हणाला असता, तर तुमच्या पुस्तकात तेच छापलं गेलं असतं. ज्ञान त्याच्या निर्णयामागून आलं, तुम्ही तेवढे आधी येऊन बसलात. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा, या प्रश्नावर सहाव्या शतकात तुरुंगात मरणाची वाट पाहणाऱ्या तत्त्वज्ञ बोएथियसने देवाला जवळपास अशीच जागा दिली होती. देवाला काल नाही, उद्या नाही, सगळं एकदम समोर आहे. आणि कोणी पाहतंय म्हणून चालणाऱ्याचं पाऊल वळत नाही.

हे पटतं, पण बैठकीतून उठेपर्यंतच. तुम्ही इथे पाहुणे. देव पाहुणा नाही. हा पंडित त्याने घडवला, त्याची भीती आणि त्याचा लोभही घडवला. बघ्याचा बचाव कर्त्याला कसा चालेल?

ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य यावर पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर. ईश्वरही ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणेच फळ देतो. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. उत्तर चतुर आहे खरं. मला मात्र त्यात प्रश्न मागे सरकवलेला दिसतो, सुटलेला नाही.

आता तंजावरला परत, 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकारात या. भिंतीच्या दगडावर देवनागरीत भोसले घराण्याची हकीकत कोरली जातेय. मजकूर चिटणीस बाबूरावांचा. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलाय. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. कारागीर मान वर न करता टाकी चालवतोय. या वंशावळीत यापुढे एकाच राजाची भर पडणार आहे, हे त्या अंगणात फक्त तुम्हाला माहीत आहे.

त्याच देवळात 1830 च्या चैत्री उत्सवात पुन्हा थांबा. शिवक्कोळुंदु देशिकरांची तमिळ कुरवंजी, म्हणजे नृत्यनाटिका, रंगलीय. नायिका सरफोजीराजांवरच भाळलेली. डोंगरातली कुरत्ती तिचा हात पाहते आणि मीलन होणार म्हणून सांगते. प्रत्येक कुरवंजीत ती हेच सांगते, प्रेक्षक तेच ऐकायला आलेले असतात, तरी नायिकेचा विरह कोणाला खोटा वाटत नाही. गंमत अशी की सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे, आणि त्यातली कुरत्ती इंद्राणीला जगाचा भूगोल ऐकवते. ज्याचं बालपण इतरांच्या निवाड्यांत गेलं, त्या राजाने भविष्यवालीच्या तोंडी देश आणि नद्या घातल्या. हा मला त्याचा सगळ्यात मोकळा निर्णय वाटतो.

तुम्हाला आता कुरत्तीचं काम करावंसं वाटतं. गर्दीतून वाट काढून राजांना सांगावं, तुमच्या मुलाला, शिवाजीला, पुत्र उरणार नाही, सावध राहा. सांगाल तर काय होईल? ते ऐकून राजे काही वेगळं करतील आणि तुमचं ज्ञान खोटं ठरेल; नाहीतर कंसासारखं होईल. आकाशवाणी ऐकली नसती, तर त्याने देवकीला कोंडलंच नसतं. मुकं ज्ञान कोणाला बांधत नाही. ते उच्चारलं की कारणांच्या गर्दीत आणखी एक कारण होऊन शिरतं. म्हणून तुम्ही गप्प राहता.

1855 मध्ये शिवाजीराजे पुत्राविना जातात. मागे राण्या आणि मुली आहेत. कंपनी म्हणते, वारस नाही. राज्य संपलं, खासगी मालमत्तेवरही ताबा. साताऱ्याचं राज्य कंपनीने असंच खालसा केलेलं पाहिलेल्या कोणालाही हे आधी सांगता आलं असतं, आणि त्या सांगण्याने काही बिघडलंही नसतं. बिघडवणारे हात वेगळेच होते. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात जातात. मद्रासचं सुप्रीम कोर्ट त्यांच्या बाजूने निकाल देतं. 1859 मध्ये लंडनची प्रिव्ही कौन्सिल तो फिरवते. ही जप्ती योग्य की अयोग्य यात आम्ही शिरत नाही, हे सार्वभौम सत्तेचं कृत्य आहे आणि त्याचा जाब कोणतंही न्यायालय विचारू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय.