पुड्यावरची अक्षरे

बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते विकणारा आणि खाणारा यांच्यामधले करारपत्रच होय. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला कोणत्याही करारपत्राविषयी पहिला प्रश्न सुचतो तो हा की, ते कोणाच्या सोयीसाठी लिहिले आणि कोणाला वाचता येते?

इतिहास पाहू. 1851 ते 1854 या वर्षांत लंडनमध्ये डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी बाजारातले जिन्नस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पावात तुरटी, कॉफीत चिकोरी, मिठाईत विषारी रंग सापडले, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने विक्रेत्यांची नावे व पत्ते छापले. पुढे 1875 साली ब्रिटिश पार्लमेंटने भेसळीविरुद्ध मोठा कायदा केला. पण त्यात एक वाट ठेवली: मिश्रण अपायकारक नसेल, फसवण्याचा हेतू नसेल आणि ‘हे मिश्रण आहे’ अशी स्पष्ट, वाचता येणारी चिठ्ठी मालावर असेल, तर विक्रेता निर्दोष. म्हणजे या कायद्यात चिठ्ठी आली ती विक्रेत्याची ढाल म्हणून. ती गिऱ्हाइकाचे हत्यार व्हायची होती.

आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली झाला आणि 1 जून 1955 रोजी अमलात आला. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुढे त्याची जागा घेतली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा नियम आहे. जो जिन्नस पहिला, तो सर्वांत जास्त. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ कळते. मात्र साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी नावे वेगवेगळी लिहिली म्हणजे एकच गोडी यादीत विखुरली जाते, आणि गिऱ्हाईक फसते.

शिवाय भाषा! 2020 च्या विनियमांनीही सक्ती ठेवली ती इंग्रजीची किंवा देवनागरीतील हिंदीची; मराठी छापणे उत्पादकाच्या मर्जीवर. आता कारखान्याचे दार आठवा. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने मालकावर असे बंधन घातले होते की, नोकरीचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावेत. जी समज दारावर दाखवली, ती डाळ-तेलाच्या पिशवीवर का दाखवू नये?

लोकांना लेबल वाचण्याची हौस नाही, असे म्हणतात. मग 2001 साली आलेला शाकाहाराचा हिरवा ठिपका निरक्षर आजीबाईसुद्धा कसा ओळखते? चिली देशाने 2016 साली जादा साखर, मीठ, चरबी व उष्मांक असलेल्या मालावर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींना आळा घातला. अशा गोड पेयांची खरेदी पुढच्या दीड वर्षात सुमारे 24 टक्क्यांनी घटली, असे अभ्यासकांना आढळले. समजेल अशी खूण दिली की माणूस ती वापरतो.

मधुमेह आता श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. पाळीवरून परतणारा कामगार पाच रुपयांच्या पुड्यावर भूक भागवतो. त्या पुड्यात काय आहे, हे त्याला त्याच्या भाषेत आणि एका नजरेत कळावे, ही मागणी भाकरीच्या मागणीइतकीच रास्त आहे. हॅसलच्या काळी लपवण्यासाठी भेसळ करावी लागे. आज बारीक अक्षरे पुरतात. ती मोठी करून घेणे आपल्या हाती आहे.