पहिला प्रश्न आणि कोळशाची खाण

व्याख्यानमालेच्या चालकांस आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने संपाचा, बोनसचा किंवा कायद्याचा विषय घ्यावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. आम्ही मात्र ख्रिस्ती धर्मातील एक प्रश्न निवडला : मनुष्य कशासाठी जन्मला, आणि शेवटी त्याने कोठे पोहोचावयाचे? आम्ही ख्रिस्ती नव्हे आणि धर्मशास्त्राचे पंडितही नव्हे. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्रीचे. परंतु या प्रश्नाचा एक इतिहास असा आहे की तो कोळशाच्या खाणीतून जातो, म्हणून तो सांगण्याचा थोडा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत आहो.

प्रथम प्रश्नाकडे वळू. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध चालू असता, 1643 साली, पार्लमेंटने लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथे धर्मपंडितांची एक परिषद बोलाविली. स्कॉटलंडचे प्रतिनिधीही तिच्यात बसले. चार वर्षांच्या खलानंतर, 1647 साली, या परिषदेने सामान्य जनांसाठी आणि मुलांसाठी 107 प्रश्नांची एक छोटी प्रश्नोत्तरावली सिद्ध केली. 1648 साली स्कॉटलंडच्या चर्चने ती स्वीकारली. तिचा पहिलाच प्रश्न मनुष्याच्या परम हेतूचा आहे. देव आहे काय, जग कोणी केले, हे प्रश्न मागाहून येतात. आधी विचारले आहे ते हे की मनुष्य कशासाठी. उत्तराचे अंग दुहेरी आहे. मनुष्याने देवाचा गौरव करावा हे एक, आणि देवाच्या सहवासाचा आनंद सर्वकाळ भोगावा हे दुसरे.

हे दुसरे अंग पाहून आम्ही थबकलो. ज्या पंथाचे नाव काढताच कडक शिस्त आणि गंभीर चेहरे डोळ्यांपुढे येतात, त्या पंथाने मनुष्याचे ध्येय म्हणून आनंद सांगावा! पण हा विचार त्यांनी नव्याने काढलेला नव्हता. इ.स. 180 च्या सुमारास लियों येथील बिशप इरेनेयस याने असे शिकविले होते की जिवंत, सबल मनुष्य हीच देवाची शोभा, आणि देवाचे दर्शन हेच त्या मनुष्याचे जीवन. इ.स. 400 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टिनने लिहिले की मनुष्याची घडणच देवाकडे ओढ घेणारी असल्याने, तेथे विसावा मिळेपर्यंत त्याचे चित्त अस्वस्थच राहावयाचे. पूर्वेकडील ग्रीक चर्चने तर याहून पुढचा शब्द वापरला : मनुष्य कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने प्रत्यक्ष ईश्वरदर्शनालाच परमसुख म्हटले.

आपल्याकडील मुक्तीच्या कल्पनांशी श्रोते याची तुलना करतील, आणि करावीही. परंतु दोन भेद ध्यानी ठेवले पाहिजेत. ख्रिस्ती श्रद्धेत शेवटी मनुष्य देवात विरून जात नाही. तो मनुष्यच राहतो आणि देवासमोर उभा राहतो. दुसरे, तेथे केवळ आत्म्याच्या सुटकेची आशा नाही, तर शरीराच्या पुनरुत्थानाची आशा आहे. म्हणजे ज्या पाठीने ओझे वाहिले, त्या पाठीसकट मनुष्याला देवाने उठवावयाचे आहे. हा सिद्धान्त आम्हांस पटो वा न पटो, तो मजुराच्या देहाविषयी काय बोलतो हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता स्कॉटलंडकडे येऊ. तेथे ही प्रश्नोत्तरावली घरोघर गेली. 1696 च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी असे ठरले. मुळाक्षरांच्या पुस्तकातच ही प्रश्नोत्तरे छापलेली असत, त्यामुळे अक्षरओळख आणि मनुष्याचे परम ध्येय ही दोन्ही मुलाच्या वाट्याला एकाच वेळी येत. अर्थ कळो न कळो, उत्तर तोंडपाठ व्हावयाचेच.

पण याच देशात दुसरे एक कागदपत्र आधीपासून अमलात होते. 1606 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा केला की जुन्या मालकाची लेखी परवानगी नसल्यास कोळसा खणणारा, कोळसा वाहणारा किंवा मिठागरावर राबणारा मजूर कोणी कामावर ठेवू नये. पळालेल्या मजुराला वर्ष आणि एक दिवस इतक्या मुदतीत मालकाने परत मागावे, आणि त्या मजुराला चोर समजून शारीरिक शिक्षा द्यावी. चोर कशाचा? स्वतःच्या अंगाचा! स्वतःचे हातपाय घेऊन तो गेला, म्हणून तो चोर. 1641 च्या कायद्याने ही बेडी खाणीतील इतर मजुरांनाही घातली आणि आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचे केले. खाण विकली गेली की मजूरही तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जात. 1701 साली बेकायदा अटकेपासून प्रजेला संरक्षण देणारा कायदा झाला, त्यातूनही खाणमजुरांना वगळण्यात आले.

या पद्धतीतील एक चाल सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मजुराच्या घरी मूल झाले की त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मालक आईबापांना थोडे पैसे देई. तो विसार होता. आपल्याकडे बैलाचा किंवा जमिनीचा सौदा पक्का करताना देतात तसा. त्या पैशाने मूल खाणीला बांधले जाई. म्हणजे ज्या संस्काराने मूल देवाचे झाले असे चर्च म्हणे, त्याच प्रसंगी ते कोळशाच्या मालकाचेही होई. थोडे मोठे झाले की ते मूल पाठ म्हणावयाचे : माझा परम हेतू देवाचा गौरव आणि देवाचा आनंद. आणि पहाटे उठून खाणीत उतरावयाचे.

या दोन गोष्टी दीडशे वर्षे शेजारी शेजारी कशा नांदल्या? याचे उत्तर सोपे नाही, आणि 'धर्म म्हणजे अफू' असे म्हणून हात झटकणे तर फारच सोपे. मालक हे जमीनदार होते, पार्लमेंटमध्ये तेच बसत, आणि गावच्या चर्चच्या पंचांतही त्यांचे वजन होते. मजूर मिळत नव्हते, म्हणून असलेल्यांना बांधून ठेवणे त्यांना सोयीचे होते. प्रश्नाचे उत्तर कोणी खोटे ठरविले नाही. ते फक्त पुढे ढकलले. आनंद मरणानंतर, काम मात्र आज.

तरीही शिकवणुकीतच एक काटा राहून गेला होता. त्याच वेस्टमिन्स्टर परिषदेने 196 प्रश्नांची एक मोठी प्रश्नोत्तरावलीही केली. 'चोरी करू नको' या आज्ञेत कोणकोणती पापे येतात याची तिच्यात लांब यादी आहे, आणि त्या यादीत मनुष्याची चोरी हेही पाप स्पष्ट नोंदलेले आहे. एका कागदाप्रमाणे स्वतःला घेऊन जाणारा मजूर चोर, तर दुसऱ्याप्रमाणे मनुष्याला बळकावणारा चोर. दोन्ही कागद एकाच देशाने मानले. त्यांतील विरोध दिसायला फार काळ लागला, कारण तो पाहणे ज्यांच्या हाती होते त्यांचा त्यात तोटा होता.

1775 साली ब्रिटिश पार्लमेंटने या बंधनास दास्याची अवस्था म्हटले आणि ते हळूहळू सोडविण्याचा कायदा केला. वयाप्रमाणे कोणाला तीन, कोणाला सात, कोणाला दहा वर्षांनी सुटका, तीही कोर्टाची पायरी चढून. यात दया होती तसा हिशेबही होता. खाणकामाला दास्याचा बट्टा लागल्यामुळे नवे मजूर येईनात, ही तक्रार कायद्यामागे होतीच. शेवटी 1799 साली सर्वांची बिनशर्त सुटका झाली. त्या वेळी लॅनार्कशायरच्या खाणमजुरांनी वर्गणी काढून आपली बाजू मांडण्यास वकील दिला होता. आमच्यासारख्याला ही वर्गणी इतिहासातील मोठमोठ्या लढायांपेक्षा अधिक मोलाची वाटते. आणि इतिहासाचा खेळ असा, की त्याच 1799 साली त्याच पार्लमेंटने मजुरांच्या एकजुटीवर बंदी घालणारा कायदाही केला. मनुष्य सुटला, पण एकटा सुटला.

सुटकेनंतरही खाण ती खाणच होती. 1842 साली मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल निघाला. पूर्व स्कॉटलंडात बायका आणि मुली पाठीवर कोळशाचे ओझे घेऊन शिड्या चढत, हे लोकांनी तेव्हा चित्रांसह पाहिले. आयोगाच्या माणसांनी मुलांना कामाचे तास आणि ओझे विचारले, तसे वाचता येते काय, धर्माचे काय ठाऊक आहे, हेही विचारले. ओझ्याखाली वाकलेल्या मुलीला देवाविषयी प्रश्न विचारणारा तो साहेब आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मुलीला उत्तर येत नसेल, तर अज्ञान कोणाचे म्हणावयाचे? त्याच वर्षी कायदा होऊन स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरविण्यास बंदी झाली.

पुढील गोष्ट केअर हार्डीची. 1856 साली लॅनार्कशायरमध्ये जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी खाणीत गेला. त्याआधी तो एका भटारखान्यात पोऱ्या होता. त्याने स्वतःच सांगितलेली आठवण अशी : घरी भाऊ आजारी, आई बाळंतपणाला टेकलेली, म्हणून त्याला कामावर पोहोचण्यास उशीर झाला. मालकाने वर बोलाविले. मालक कुटुंबासह प्रार्थनेस बसला होता, म्हणून मुलाला दाराबाहेर थांबविण्यात आले. प्रार्थना आटोपली, आणि मालकाने त्याला कामावरून काढून टाकले.

अशा मुलाने धर्माचे नाव टाकले असते तर कोणी दोष दिला नसता. त्याच्या घरी तर नास्तिक विचारच वाढत होते. पण विशी ओलांडल्यावर हार्डी ख्रिस्ती झाला, आणि खाणमजुरांचा संघटक झाला. 1892 साली तो पार्लमेंटमध्ये निवडून गेला, 1893 साली स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला त्यात तो अग्रभागी होता, आणि 1907 साली तो हिंदुस्थानातही येऊन गेला. प्रार्थना करणाऱ्या मालकाचा देव आणि आपला देव एकच असेल, तर मालकाने त्याला नीट ओळखलेले नाही, असा काहीसा निवाडा त्याने मनाशी केला असावा. जे उत्तर मरणापलीकडे ढकलले होते, ते त्याने अलीकडे ओढले. मनुष्य देवासोबत आनंदासाठी जन्मला असेल, तर तो कोळशासाठी जन्मलेला नाही, हे आजच म्हटले पाहिजे.

हा इतिहास परका वाटू नये. या प्रश्नोत्तरावलीवर वाढलेले स्कॉटिश मिशनरी 1823 पासून आमच्या कोकणात बाणकोटास आले, आणि 1829 साली जॉन विल्सन मुंबईस आले, ज्यांचे नाव विल्सन कॉलेजास आहे. आणि विसाराची चाल म्हणाल, तर ती समजण्यास आपल्याला स्कॉटलंडला जावे लागत नाही. वेठबिगारीला आपल्या देशात 1976 च्या कायद्याने बंदी झाली. तरी आजही ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम उचल देतो, आणि नवराबायकोच्या जोडीची गणती 'एक कोयता' अशी होते. उचल फिटली नाही की पुढचा हंगामही बांधला जातो. मनुष्याचे नाव हत्यारावरून पडले की तो कशासाठी आहे हे विचारण्याची कोणाला गरज उरत नाही. नावातच उत्तर दिलेले असते.

आणि येथे आम्हांस आमच्याकडेही बोट दाखविले पाहिजे. संघटना वाढली की आम्हीही माणसे मोजीत नाही, पावत्या मोजतो. मजुरी, तास, रजा यांसाठी भांडलो, आणि ते योग्यच केले. पण कमी झालेल्या तासांत माणसाने काय व्हावे, हा प्रश्न आम्ही सभेपुढे फारसा ठेवला नाही. एका म्हाताऱ्या सभासदाने एकदा विचारले होते, "साहेब, सुट्टी मिळाली, आता तिचं करायचं काय?" सभेत हशा पिकला, आम्हीही हसलो. आज ते हसणे आम्हांस बोचते. 1647 चा पहिला प्रश्न तो हाच होता.

देव आहे की नाही, सार्वकालिक जीवन आहे की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा. आम्ही तो देण्यास उभे नाही. इतिहास एवढेच दाखवितो की मनुष्याचा शेवट मोठा मानणारी श्रद्धा त्याचा आजचा दिवस लहान करण्यास वापरता येते, आणि तीच श्रद्धा त्याची बेडी तोडण्यासही उपयोगी पडते. उत्तर पुस्तकात दोन्ही वेळी तेच होते. फरक पडला तो पाठ म्हणणाऱ्याने ते आपल्याविषयी आहे असे मानले तेव्हा, आणि शेजाऱ्याविषयीही आहे असे मानले तेव्हा. बाप्तिस्म्याच्या वेळी विसार घेऊन आलेल्या मालकाला ते उत्तर तोंडपाठ होते. त्या बाळाकडे पाहून त्याने ते एकदा मोठ्याने म्हटले असते, तर हात खिशातच राहिला असता.