शटर ओढलं, पाटी उतरवली... पण कंपनीच्या खात्याचं काय?

आपल्या चौसाळ्यात हायवेवरचा एखादा गाळा रिकामा झाला की लोक म्हणतात, "धंदा बंद झाला." पण धंदा 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर पाटी उतरवून कंपनी बंद होत नाही. ती कागदावर जिवंत राहते, बँकेतलं तिचं खातंही जिवंत राहतं. हे असं का, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

1857 च्या कायद्यानं आपल्या देशात मर्यादित जबाबदारीची कंपनी आली. म्हणजे कंपनी वेगळी आणि मालक वेगळा. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. 1865 ला ते युद्ध संपलं, भाव कोसळला आणि कंपन्या धडाधड बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात गेली. कापसाचा भाव पडला की काय होतं हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुढच्याच वर्षी, 1866 ला, कंपन्यांची नोंदणी, कारभार आणि गुंडाळणी यांचा एकत्रित कायदा आला. येणं गोळा करा, देणं फेडा, उरलं ते भागधारकांना वाटा, मग शेवटी कंपनी संपवा. 1913, 1956, 2013, कायदे बदलत गेले, पण हा क्रम आजही तोच आहे.

आता 2017 आठवा. 1 एप्रिलला आपली एसबीएच, म्हणजे 1941 ला निजामाच्या राज्यात स्थापन झालेली बँक, स्टेट बँकेत विलीन झाली. बँकेचं नाव गेलं, पण खातेदारांची खाती चालूच राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उलटं घडलं. केंद्र सरकारनं 2,09,032 कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या खात्यांवरचे व्यवहार रोखायला बँकांना सांगितलं. बँक जागेवर होती, खातेदारच कागदावर उरला नव्हता! 3 लाखांहून जास्त संचालकही अपात्र ठरले. त्यांत बनावट कंपन्या होत्या, तसे नुसते वर्षाचे विवरण भरायचे राहून गेलेलेही होते.

नाव गेलं आणि खात्यात पैसे राहिले तर काय? इंग्लंडात असा पैसा राजाच्या खजिन्यात जातो. आपल्याकडे तो अडकून पडतो. 10 वर्षं कुणी हात लावला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. तो हक्क बुडत नाही, पण कंपनी पुन्हा नोंदवहीवर आणायला कंपनी न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी मुंबईला, जावं लागतं. पाच-दहा हजारांसाठी वकील लावून मुंबईच्या चकरा कुणाला परवडतात? आणि देणं राहिलं असेल तर नाव काढल्यावरही संचालकांची जबाबदारी सुटत नाही.

म्हणून आपल्या पोरांनी क्रम लक्षात ठेवावा. आधी उधारी वसूल करा. कामगारांचे पगार, जीएसटी, कर्ज फेडा. इन्कम टॅक्सचा रिफंड यायचा असेल तर खातं घाईनं बंद करू नका, तो येणार कुठं? दिलेले चेक वटू द्या, आपोआप कटणारे हप्ते थांबवा. मग संचालक मंडळाचा ठराव करा, उरलेलं चेकबुक बँकेत जमा करा आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात घ्या. त्यानंतर सीएकडून 'एसटीके-2' अर्ज. त्यासोबतचा हिशेब 30 दिवसांपेक्षा जुना चालत नाही, हे सीएला आधीच विचारून ठेवा.

कंपनी काढताना आपण नारळ फोडतो, पेढे वाटतो. बंद करताना मात्र लाजेनं गप्प बसतो. धंदा बसला यात लाज कसली? 1865 ला मुंबईचे मोठमोठे शेठही बसले. हिशेब अर्धा सोडला तर मात्र तो पुढं पोराबाळांच्या मागं लागतो.

ओळखीत कुणाची अशी कंपनी नुसती पडून असेल तर त्याला हे वाचायला द्या.