खांबाचा पाय

रत्नागिरीच्या मुलखात, श्रीदेव भैरीच्या शिमग्यापासून थेट आडगावच्या ग्रामदेवतेपर्यंत, सुरमाडाची वा पोफळीची उंच होळी दोरखंडांच्या आधाराने उभी होत असते, तेव्हा सर्वांच्या नजरा शेंड्याकडे असतात. वास्तविक वाऱ्याशी व्हावयाच्या झुंजीचा निकाल तळच्या खड्ड्यात लागलेला असतो. अर्थात होळीला फाल्गुनाची कोरडी जमीन लाभते आणि तिची मुदतही अल्प असते. वर्षानुवर्षे पर्जन्य सोसत उभे राहण्याची सक्ती आली ती तारेच्या खांबांवर.

डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याकडे तारेची पहिली चाचणी घेतली आणि १८५५ पासून तारखाते रयतेला खुले झाले; पुढे लाकडी खांब रोवणे हा सरकारी कामाचा एक नित्याचा भाग होऊन बसला. लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे नऊ मीटरांच्या खांबास दीड मीटर खड्डा, हा या धंद्यातील ढोबळ जाबता होय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा उंचावर लागत असल्याने खांब जमिनीच्या पोटातील एका बिंदूभोवती फिरू पाहतो. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे खांबाचे वरचे अंग ईशान्येकडील मातीवर दाबले जाते, तर बुंधा उलट नैर्ऋत्येकडे सरकू पाहतो. म्हणून जाणता मुकादम खड्ड्याच्या तळाशी नैर्ऋत्येस आणि तोंडाशी ईशान्येस मोठे दगड ठासून घेई. चोहोबाजूंनी नुसती माती लोटणे ही, माझ्या मते, शुद्ध वेठ होय.

जांभ्याच्या सड्यावर अडचण निराळीच. पहारीने कातळ फोडणे जिकिरीचे, तरी अरुंद खड्डा खांबाला चिमट्यासारखा धरतो. मात्र त्यातच पाणी साचते आणि लाकूड कुजते. उलट खालच्या शेडीत, म्हणजे चिकणमातीत, खणणे सोपे, पण आषाढात तीच माती लोण्याहून मऊ. शिवाय वाऱ्याचा ताण जमिनीलगत सर्वाधिक, आणि कूज व वाळवी यांचाही मुक्काम तेथेच. म्हणून बुंधा भाजून डांबर फासण्याची तजवीज करावी लागे.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात विजेचे असंख्य खांब आडवे केले. ते बहुतेक लोखंडाचे आणि सिमेंटचे होते. कित्येक ठिकाणी तारांवर झाडेच कोसळली होती, आणि तेथे खड्ड्याच्या खोलीचा हिशेब लागू पडत नाही.